मुरबाड-शहापूरकडे रानात राहायला जाताय? या चुका टाळा

डिसेंबरातला रविवार. ठाण्याहून निघालेली गाडी मुरबाडच्या पुढे कुठेतरी थांबते. हवा गार, गवत पिवळंधमक, ओढ्यात घोट्याएवढं पाणी, समोर सह्याद्री. जागा जागच्या जागी पसंत पडते, जानेवारीत सामान हलतं आणि ऑगस्टात तेच सामान टेम्पोत भरून परत घोडबंदरला. माणसं बदलतात, चुका त्याच.

हिवाळ्यात जागा ठरवणं

या भागात वर्षाला साधारण अडीच हजार मिलिमीटर पाऊस पडतो, पण जवळजवळ सगळा जून ते सप्टेंबर. खाली काळा कातळ आणि वर उतार, त्यामुळे पाणी मुरायच्या आत ओढ्याला लागतं. भातसा आणि तानसा ही मुंबईला पाणी पाजणारी धरणं शहापूर तालुक्यातली, आणि त्याच तालुक्यातल्या पाड्यांवर एप्रिल-मे महिन्यांत टँकरची वाट बघतात. तेव्हा डिसेंबरातली काठोकाठ विहीर बघून हुरळून जाऊ नका.

मेच्या तिसऱ्या आठवड्यात या. दोराला दगड बांधून विहिरीत सोडा आणि ओला झालेला दोर मोजा. मग विचारा: पहाटे किती हंडे मिळतात, आणि उपसल्यावर पुन्हा भरायला किती तास लागतात? हे बाईमाणसाला विचारा. पारावर बसलेले पुरुष ‘पाण्याला काय कमी नाय’ असंच सांगणार, कारण हंडा त्यांच्या डोक्यावर नसतो. त्यानंतर जुलैत पुन्हा या. रस्ता कुठे तुटतो, ओढा किती तास अडवतो, सलग पाऊस लागला की मोबाइलची रेंज किती दिवस टिकते, हे तेव्हाच कळतं.

सगळ्यांत बरं म्हणजे गावातलं एखादं जुनं घर वर्षभर भाड्याने घ्या आणि जमिनीचं नाव काढू नका. तसंही शेतजमीन महाराष्ट्रात शेतकऱ्यालाच घेता येते, आणि आदिवासी खातेदाराची जमीन सरकारी परवानगीशिवाय बिगर-आदिवासीच्या नावावर होत नाही. ‘साहेब, ते बघून घेऊ’ म्हणणारा एजंट भेटला तर चहा प्या आणि निघा. सातबारा आणि फेरफार स्वतः वाचा.

पाण्याचा हिशोब सोपा आहे, पण कोणी मांडत नाही. १ चौरस मीटर छपरावर १ मिलिमीटर पाऊस म्हणजे १ लिटर. १० बाय ५ मीटरच्या पत्र्यावर अडीच हजार मिलिमीटर पडला तर सव्वा लाख लिटर. गळती आणि उडालेलं सोडून एक लाख धरा. दोन माणसं, माणशी ६० लिटर, ऑक्टोबर ते मे हे २४३ दिवस, म्हणजे सुमारे २९ हजार लिटर. छपरावर गरजेच्या तिप्पट पडतं आणि लोक ५ हजार लिटरची एक टाकी ठेवून मोकळे होतात! ती ४१ दिवसांत, म्हणजे दिवाळीच्या आसपास संपते. टाक्या वाढवा, नाहीतर जमिनीखाली सिमेंटची बांधा. पहिल्या दोन-तीन जोरदार सरींचं पाणी वाहून जाऊ द्या, कारण त्यात पत्र्यावरची धूळ आणि पाखरांची विष्ठा असते. तोंडावर जाळी घट्ट बसवा, नाहीतर टाकीत डास होतील. आणि प्यायचं पाणी उकळूनच.

‘सोलर लावलंय, आता काय काळजी’

आता लाडकी चूक. एका जोडप्याने घरावर ३३५ वॅटची ४ पॅनेलं आणि १५० अँपिअर-अवरच्या २ बॅटऱ्या मालिकेत जोडून २४ व्होल्टचा संच बसवला. जानेवारीत सगळं झकास. फ्रिज, दोन पंखे, दिवे, दिवसरात्र राउटर. जुलैच्या दुसऱ्या आठवड्यात पहाटे तीनला पंखा थांबला. दुसऱ्या रात्री एकला. तिसऱ्या रात्री इन्व्हर्टर संध्याकाळीच टिटी करायला लागला. दुकानदार म्हणाला, अजून दोन बॅटऱ्या घ्या. त्यांनी घेतल्या, जुन्यांशेजारी जोडल्या आणि वर्षाच्या आत चारही गेल्या.

कागदावर बघू. फ्रिज दिवसाला सुमारे १ युनिट. ७५ वॅटचे साधे दोन पंखे ८ तास म्हणजे १.२ युनिट. राउटर १० वॅट पण २४ तास, म्हणून पाव युनिट. ९ वॅटचे ५ दिवे ५ तास, तेही जवळपास पाव. आणि जो खर्च कोणीच धरत नाही तो म्हणजे खुद्द इन्व्हर्टर: काहीही न चालवता तो सुमारे २० वॅट खात बसतो, दिवसाचं जवळपास अर्धं युनिट. बेरीज ३ युनिटांच्या वर.

हिवाळ्यात ही पॅनेलं दिवसाला ४ युनिटांच्या आसपास देतात, म्हणून भागलं. जुलैत आठ दिवस ढग हटत नाहीत तेव्हा पाव भागही मिळाला तर नशीब, म्हणजे फार तर १ युनिट. रोजची तूट २ युनिटांची. दोन्ही बॅटऱ्यांत मिळून साठा ३.६ युनिटांचा, पण शिसे-आम्लाच्या बॅटरीतून निम्म्याच्या खाली उतरू नये, म्हणजे वापरायला १.८. एका दिवसात खेळ खलास! मग बॅटरी आठवडेच्या आठवडे अर्धपोटी राहते, शिशाच्या प्लेटांवर सल्फेट कडक होतं आणि ते पुन्हा सुटत नाही. आजाऱ्याच्या जोडीला बांधलेली नवी बॅटरीही त्याच्याबरोबर खंगते. इथे कमी पडलं होतं ऊन, आणि विकत घेतली गेली बॅटरी.

उपाय खर्चिक नाही, फक्त हट्ट सोडावा लागतो. १५ जूनला फ्रिज बंद करा, पुसून दार उघडं ठेवा, सप्टेंबरअखेर चालू करा. पंखे बीएलडीसी, म्हणजे कमी वीज खाणाऱ्या मोटरचे घ्या, २८-३० वॅटचे. दोन पंखे ८ तास चालून अर्ध्या युनिटाच्या आत राहतात. राउटर दिवसाला दोन तास. दिवे आणि पंखे शक्यतो थेट डीसीवर, म्हणजे इन्व्हर्टर मध्ये न घेता बॅटरीच्याच विजेवर, आणि इन्व्हर्टर मिक्सर लावायच्या वेळेपुरताच. २४ व्होल्टच्या संचातून १२ व्होल्टचा दिवा लावायचा म्हणून दोनपैकी एकाच बॅटरीला वायर जोडू नका. ती एकटी खाली जाते आणि जोडी बिघडते. २४ चे १२ करणारा कन्व्हर्टर मिळतो, तो लावा. पॅनेलं दक्षिणेला तोंड करून, जमिनीशी साधारण २० अंशांत.

एक मल्टिमीटर घ्या आणि रोज पहाटे, ऊन यायच्या आधी, सगळं बंद करून अर्ध्या तासाने प्रत्येक बॅटरी मोजा. १२.७ व्होल्ट म्हणजे भरलेली, १२.२ म्हणजे निम्मी, ११.८ म्हणजे जवळपास रिकामी, तुम्ही उशिरा मोजताय. आकडा भिंतीवरच्या कॅलेंडरात लिहा. महिन्यातून एकदा डिस्टिल्ड वॉटरची पातळी बघा. बिसलेरी नाही, विहिरीचं तर नाहीच.

शहराचं घड्याळ सोबत नेणं

सकाळी ८.११ ची फास्ट पकडणारा माणूस इथेही दिवसाला दहा कामांची यादी करतो. मे महिन्यात अकरानंतर उन्हात कुदळ चालत नाही, आणि पावसात लाकडाचं काम होत नाही. दिवसाला दोन कामं झाली तर भरपूर. इथली यादी महिन्यांची असते आणि ती आगरी-कोळी घरांत आधीपासून पाठ आहे: आगोट. तांदूळ, कडधान्य, सुकट, बोंबील, मीठ, पापड आणि सरपण, सगळं मेअखेर घरात. जूनमध्ये तोडलेलं ओलं लाकूड चुलीत घातलं की धूर डोळ्यांत आणि भात कच्चा. सरपण मार्चमध्ये फोडून, वर छप्पर पण बाजूंनी वारा खेळेल असं रचायचं, आणि घराच्या भिंतीला टेकवायचं नाही.

भिंतीला का नाही, तर साप. लाकडाच्या राशीत उंदीर आणि उंदरामागे तो. नाग, मण्यार, घोणस, फुरसं या चारांची ओळख आधी करून घ्या. मण्यार रात्री फिरते आणि जमिनीवर झोपलेल्याला चावते. बरेचदा दुखतही नाही. पहाटे पोटात कळ आणि पापण्या जड, तेव्हा समजतं. म्हणून खाटेवर झोपा, मच्छरदाणी गादीखाली खोचा. दंश झाला तर कापणं, चोखणं, आवळून बांधणं नको. अवयव हलू न देता १०८ ला फोन आणि प्रतिसर्पविष असलेलं रुग्णालय. ते कुठलं, हे आजच विचारून ठेवा.

शोषखड्ड्याचा संडास विहिरीच्या वरच्या अंगाला कधीही नको. खालच्या अंगाला, किमान १५ मीटरवर. खड्डे दोन करा, एक भरला की झाकून वर्ष-दोन वर्षं विसरा.

रानभाजी मोबाइलवर फोटो बघून खुडू नका. जूनच्या पहिल्या सरींनंतर शेवळं येतात, ठाण्याच्या बाजारात आदिवासी बायका जुड्या विकतात. नवखा माणूस ती नुसतीच फोडणीला टाकतो आणि घसा ओरबाडल्यासारखा खाजतो, कारण त्यात ऑक्झलेटचे सुईसारखे स्फटिक असतात. काकडं नावाची आंबट फळं घालून नीट शिजवायची. काकडं त्याच बाईकडे मिळतात, आणि कुठला भाग काढून टाकायचा तेही तीच दाखवते. पैसे देताना घासाघीस करू नका.

‘निसर्गाशी जोडलं जायचंय’ म्हणणारे पहिल्या आठवड्यात कंटाळतात, कारण रानात रोज काही घडत नाही. एकाच दगडावर रोज वीस मिनिटं बसा, फोन घरी ठेवून. पळस कधी फुलला, बहावा कधी, पावशा कधी ओरडायला लागला, काजवे पहिल्यांदा कधी दिसले, तारखा वहीत लिहा. ही सवय लावायला मुरबाड लागत नाही; येऊरचा पायथा किंवा ऐरोलीची खाडी चालते, हिवाळ्यात खाडीत रोहित पक्षी, म्हणजे फ्लेमिंगो, असतात.

आणि काहीही विकत घ्यायच्या आधी एक तालीम. फ्रिज रिकामा करा, शनिवारी सकाळी फ्लॅटचा मेन स्विच खाली करा, माणशी दोन बादल्या पाणी भरून नळ बंद करा. रविवारी संध्याकाळपर्यंत स्विचला हात लावायचा नाही. लिफ्टही नाही.