बेटाडीन किती लावायचं, कधी लावायचं आणि कधी थांबायचं

दोन वर्षांपूर्वी बाबांच्या पायाच्या अंगठ्याला चप्पलेचा पट्टा घासून साल निघालं, शुगर असल्यामुळे त्यांना ते कळलंच नाही, मोज्याला डाग दिसला तेव्हा आईने आरडाओरडा केला. मी लगेच मेडिकलमधून बेटाडीन, कापूस, चिकटपट्टी आणली आणि सकाळ संध्याकाळ अगदी मन लावून कापसाचा बोळा भिजवून जखमेत दाबायला लागलो. तीन आठवडे झाले तरी जखम होती तशीच, वर कडा पांढरट पडलेल्या. शेवटी ड्रेसिंगला घेऊन गेलो तर सिस्टरने पट्टी उघडली, चिमट्याने कापसाचे तंतू एकेक करून काढले आणि मला विचारलं, "अहो, जखम बरी करताय का अंगठ्याचं लोणचं घालताय?"

त्या दिवसापासून जे शिकलो ते लिहितोय, कारण ही तपकिरी बाटली आपल्याकडे जवळपास प्रत्येक घरात आहे आणि बहुतेक जण माझ्यासारखीच वापरतात.

आधी हे औषध म्हणजे काय ते. पोव्हिडोन आयोडीन. नुसतं आयोडीन माणसाला 1811 पासून माहीत आहे, पण त्याचं टिंक्चर अल्कोहोलमध्ये असायचं आणि लावलं की माणूस टुणकन उडायचा, आपल्या आज्या ज्याला 'टिंचर' म्हणायच्या तेच. 1955 मध्ये अमेरिकेत फिलाडेल्फियाला आयोडीन पोव्हिडोन नावाच्या पॉलिमरला बांधून ठेवायची युक्ती निघाली, त्यामुळे ते हळूहळू सुटतं आणि फारसं झोंबत नाही. 10 टक्के सोल्युशन म्हणजे त्यात कामाला येणारं आयोडीन साधारण 1 टक्का. हे सुटं आयोडीन जिवाणू, बुरशी, बरेचसे व्हायरस सगळ्यांनाच मारतं, पण ते आपला परका बघत नाही, जखम भरायला आलेल्या आपल्या नव्या पेशींनाही जास्त प्रमाणात त्रास देतं. बाबांच्या अंगठ्याला मी तेच करत होतो.

आता बाटली हातात घेतली की आधी लेबल वाचा. सोल्युशन वेगळं, गार्गल वेगळं (ते घशासाठी), मलम वेगळं, आणि सर्जिकल स्क्रब तर सगळ्यात वेगळं. स्क्रबमध्ये साबणासारखा डिटर्जंट असतो, तो न फुटलेल्या, शाबूत कातडीसाठी आणि ऑपरेशनआधी हात धुण्यासाठी, उघड्या जखमेत ओतायचा नाही. मेडिकलवाला घाईत चुकीची बाटली देऊ शकतो.

साधं खरचटलं, विळी लागली, गाडीवरून घसरून गुडघा सोलला, असं असेल तर पहिलं औषध नळाचं पाणी आहे. हात साबणाने धुवा, मग जखम वाहत्या पिण्याच्या पाण्याखाली पाच मिनिटं धरा, माती, खडी, डांबराचे कण जाईपर्यंत. कण आत राहिले तर वरून कितीही बेटाडीन ओता, फायदा नाही, कारण रक्त, पू, घाण यांच्यात आयोडीन वाया जातं. ते तुम्हाला डोळ्यांनी दिसतंही, तपकिरी रंग फिका पडला की समजायचं त्याची ताकद संपली. रक्त वाहत असेल तर आधी स्वच्छ कापड घट्ट दाबून धरा, दहा मिनिटं, मधे मधे उचलून बघायचं नाही.

मग टिपून घ्या आणि जखमेच्या भोवतीच्या कातडीला बेटाडीन लावा, आतून बाहेर गोल गोल, आणि दोनेक मिनिटं सुकू द्या. लावलं की लगेच पुसून काढणारे लोक आहेत, त्याला काम करायला वेळ तर द्या. जखम घाण असेल तर आतही पातळ थर चालतो, पण दोन तीन मिनिटांनी सलाईनने धुऊन टाका. सलाईन घरी नसेल तर अर्धा लिटर उकळून गार केलेल्या पाण्यात जेमतेम सपाट चहाचा चमचा मीठ, त्याच दिवशी वापरायचं आणि उरलेलं फेकायचं. एक गंमत, थोडं पातळ केलेलं बेटाडीन कधी कधी जाड सोल्युशनपेक्षा लवकर मारतं कारण त्यात सुटं आयोडीन जास्त मोकळं होतं, म्हणून 'जितकं गडद तितकं भारी' हा हिशोब चुकीचा.

कापूस नको, गॉझ (जखमेवर ठेवायचं जाळीदार कापड) घ्या. कापसाचे तंतू जखमेत अडकतात हे मला चिमट्याने शिकवलंय. पट्टी चिकटली तर ओढायची नाही, सलाईनने भिजवा, पाच मिनिटं थांबा, आपोआप सुटते. ओढलं की आत आलेलं नवीन लालसर दाणेदार मांस सोबत निघतं आणि तुम्ही परत पहिल्या पायरीवर.

किती दिवस? साध्या जखमेला दोन तीन दिवस पुरे. आतला भाग लाल, ओलसर, स्वच्छ दिसायला लागला की बेटाडीन बंद, नुसतं सलाईन आणि पट्टी. आणि 'जखम उघडी ठेवा, हवा लागू दे, वाळू दे' हे आपण लहानपणापासून ऐकतो ना, 1962 मध्ये जॉर्ज विंटर नावाच्या संशोधकाने डुकरांवर प्रयोग करून दाखवलं की झाकून ओलसर ठेवलेल्या जखमेवर नवी कातडी जवळपास दुप्पट वेगाने येते. कडक खपली म्हणजे जखम भरली असं नाही, उलट नव्या कातडीला खपलीच्या खालून वाट काढावी लागते.

काही जणांनी मोठ्या जखमेवर किंवा बरेच दिवस हे लावायच्या आधी डॉक्टरांना विचारलंच पाहिजे: थायरॉईडचा आजार, गरोदर किंवा अंगावर पाजणारी आई, नवजात बाळ, किडनी बिघडलेली माणसं. आयोडीन जखमेतून रक्तात जातं आणि थायरॉईडला गोंधळात टाकतं. म्हणून मोठ्या भाजलेल्या जागेवरही नाही. भाजलं तर 20 मिनिटं नळाखाली, टूथपेस्ट नाही, शाई नाही, हळद नाही. उलट कोळंबी खाल्ल्यावर अंगावर पित्त उठतं म्हणून बेटाडीन चालणार नाही असं कोकणातले आमचे पाहुणे ठासून सांगतात, ते खरं नाही, ती ॲलर्जी कोळंबीतल्या प्रोटीनची असते, आयोडीनची नाही. हायड्रोजन पेरॉक्साईड किंवा चांदीवालं भाजल्याचं मलम यांच्यासोबत मात्र बेटाडीन मिसळू नका.

कुत्रा चावला असेल तर हा लेख बाजूला ठेवून साबण आणि वाहत्या पाण्याने 15 मिनिटं धुवा, घड्याळ लावून, मग बेटाडीन, आणि त्याच दिवशी सरकारी दवाखान्यात रेबीजची लस. तिखट, चुना काही भरायचं नाही. खिळा घुसला, शेणमातीत विळा लागला तर धनुर्वाताचं इंजेक्शन आठवा. घाणेरड्या जखमेत शेवटचा डोस पाच वर्षांपेक्षा जुना असेल तर परत घ्यावा लागतो, बेटाडीन त्याची जागा घेत नाही.

लाली पसरत चालली, ठणका वाढला, वास यायला लागला, ताप आला, की घरगुती डॉक्टरी बंद. शुगरवाल्याच्या पायाची जखम तर पहिल्याच दिवशी दाखवा, दुखत नाही हीच तिथली भानगड आहे.

डागांचं सांगतो, नाहीतर बायका मला सोडणार नाहीत. व्हिटॅमिन सीची गोळी पाण्यात विरघळवून ताज्या डागावर टाका, रंग डोळ्यांसमोर उडतो. आणि बोटाला बेटाडीन लावून कणीक मळायला घेऊ नका, पिठातल्या स्टार्चमुळे गोळा निळा काळा होतो, आमच्या आईला वाटलं होतं पिठात विष पडलं.

बाबांचा अंगठा पुढे सहा आठवड्यांत भरला, नुसतं सलाईन, गॉझ आणि शुगर आटोक्यात. पट्टा घासणारी ती चप्पल मात्र मी तीनदा कचऱ्यात टाकली आणि तीनदा परत दारात दिसली.