टाळीसरशी चमकणारा एलईडी: सर्किट दिव्याकडून जोडत या

बरेच जण हे सर्किट माइकपासून जोडायला घेतात, सगळं झाल्यावर बॅटरी लावतात आणि दिवा लागला नाही की चूक शोधत बसतात. त्यापेक्षा दिव्यापासून सुरुवात करा. मग प्रत्येक पायरीला काम बरोबर झालंय की नाही हे डोळ्यांनी दिसतं.

सामान: ब्रेडबोर्ड, ९ व्होल्टची बॅटरी, दोन बीसी ५४७ ट्रान्झिस्टर, कंडेन्सर माइक, लाल एलईडी, ०.१ मायक्रोफॅरडचा कपॅसिटर (त्यावर १०४ छापलेलं असतं), वायरी आणि रेझिस्टर: ४७० ओहम एक, १० किलोओहम दोन, १ मेगाओहम एक. ट्रान्झिस्टरची सपाट बाजू आपल्याकडे आणि पाय खाली धरले की डावीकडून कलेक्टर, बेस, एमिटर.

पायरी १: पहिल्या ट्रान्झिस्टरचा एमिटर मायनसला. एलईडीचा आखूड पाय कलेक्टरला, लांब पाय ४७० ओहममधून प्लसला. बेस १० किलोओहममधून प्लसला. बॅटरी लावा. एलईडी लागायला हवा.

पायरी २: बॅटरी काढा. दुसऱ्याचा एमिटर मायनसला, कलेक्टर पहिल्याच्या बेसला, बेस १ मेगाओहममधून प्लसला. आता बॅटरी लावली की एलईडी विझलेला हवा. सगळी गंमत इथेच आहे: दुसरा ट्रान्झिस्टर सतत चालू राहतो आणि पहिल्याच्या बेसला जाणारा करंट परस्पर मायनसकडे वळवतो.

पायरी ३: बॅटरी पुन्हा काढा आणि माइक उलटा करून नीट पाहा. दोन टोकांपैकी एक बारीक रेघांनी बाहेरच्या धातूला जोडलेलं दिसेल, ते मायनसला. दुसरं १० किलोओहममधून प्लसला, आणि तिथूनच कपॅसिटर दुसऱ्या ट्रान्झिस्टरच्या बेसला.

बॅटरी लावून माइकजवळ टाळी वाजवा. आवाजाने माइककडचं व्होल्टेज खाली-वर होतं. ते खाली जाताना दुसरा ट्रान्झिस्टर क्षणभर बंद पडतो, तेवढ्यात एलईडी चमकतो. तबल्याच्या ठेक्यावर तर फार सुरेख दिसतं.

फारच जोरात टाळी लागत असेल, तर १ मेगाओहमच्या जागी २.२ मेगाओहम लावून पाहा. शांततेतही एलईडी लागून राहिला, तर पुन्हा १ वर या.

या सर्किटला घरच्या लाइनवरचा बल्ब कधीही जोडू नका. बीसी ५४७ फक्त ४५ व्होल्ट आणि १०० मिलिअँपिअरपर्यंतच झेपवतो, आणि लाइनचा झटका जिवावर बेतू शकतो.