जुन्या कोकणी पाककृती टिपताय? या चुका टाळा

सगळ्यात जास्त घोळ मापात होतो. आजी सांगते ‘दोन मापटी तांदूळ’ आणि नातवंडं लिहितात ‘दोन वाट्या’. पाककृती तिथेच बिघडते. 2 कोळव्यांचं चिपटं, 2 चिपट्यांचं मापटं, 2 मापट्यांचा शेर, 4 शेरांची पायली हा हिशेब भरून मोजायचा, वजनाचा नव्हे. शिवाय पायली गावोगाव लहानमोठी. त्यामुळे घरातलं जुनं माप माळ्यावरून काढा, तांदूळ भरा आणि तोच काट्यावर तोला. माप शिगेचं की सपाट, तेही विचारा. वहीत आजीचा शब्द तसाच ठेवून शेजारी ग्रॅम लिहा. ‘अंदाजानं घालते’ म्हणाली तर तिलाच घालू द्या, फक्त भांडं आधी काट्यावर ठेवा.

सांदण, म्हणजे तांदळाच्या रव्याचा वाफवलेला पदार्थ, फसलं की पाककृतीला बोल लावतात. बघायला जावं तर रस काप्या फणसाचा काढलेला असतो! सांदणाला बरका हवा. त्याचे मऊ गरे चाळणीवर घासले की रस खाली, चोथा वर. कापा कुरकुरीत, तो असा रस देत नाही. म्हणून नुसतं ‘फणस’ लिहू नका. तांदळाचा रवा जाड की बारीक, तांदूळ सुरय (न उकडलेला) की उकडा, हेही टिपा. आणि कोणाच्या घरचं ते लिहाच. कोकणी मुसलमानांच्या घरी सांदण तांदूळ-नारळाचं, फणसाशिवाय होतं. ‘कोकणातलं सांदण’ असं एकच नाव देऊन मोकळं होणं मला तरी अन्यायाचं वाटतं.

‘शिवकाळापासूनची’ असं बिरुद लावायची घाई नको. मिरची, बटाटा, काजू पोर्तुगीजांबरोबर आले. त्याआधी तिखटाला मिरी होती, आंबटाला कोकम. आठवण जिथवर पोचते तिथवरचाच काळ लिहा.

पंगतीकडे तर फार दुर्लक्ष होतं. केळीच्या पानाचं निमुळतं टोक जेवणाऱ्याच्या डावीकडे, चटणी-कोशिंबीर डावीकडे, भाज्या उजवीकडे एवढं बहुतेकांना ठाऊक असतं. पण आधी कोण जेवायचं, वाढायला कोण, माहेरवाशिणीला काय वाढायचे, हे विचारल्याशिवाय कोणी सांगत नाही. कोकणात अनेक घरांत गौरीला तिखटाचा, म्हणजे मटण-मासळीचा नैवेद्य असतो. लिहिताना लाजून तो गाळू नका. तो त्या घरचा रिवाज आहे, जसा आहे तसाच नोंदवा.

आता वही. वर्षाला 3000 मिलिमीटरवर पाऊस पडणाऱ्या मुलखात कागदाला दमट हवा आणि कसर, दोन्ही छळतात. फाटलेल्या पानाला सेलोटेप लावू नका, काही वर्षांत डिंक पिवळा पडून अक्षरांत उतरतो. लॅमिनेशन तर नकोच, ते परत सोडवता येत नाही. भिजलेली वही उन्हात टाकण्यापेक्षा पानांत टीपकागद घालून पंख्याखाली वाळवा. वहीची डागडुजी करण्याआधी खिडकीजवळच्या उजेडात पानापानाचे फोटो काढा, कोरी दिसणारी पानंही सोडू नका. लिपी मोडी असेल तर जाणकाराकडून वाचून घ्या. मोडीत ऱ्हस्व-दीर्घाचा भेद नसतो, त्यामुळे अडलेला शब्द तर्कानं पुरा करण्याऐवजी त्याच्यापुढे प्रश्नचिन्ह घालून ठेवा आणि पुढच्या खेपेला घरातल्या मोठ्या बाईला दाखवा.