उन्हाळ्यात टायरची हवा कमी करू नका

मे महिन्यात नागपूरचा पारा ४५च्या आसपास गेला की कोणीतरी सांगतंच, "दोन पॉइंट कमी ठेवा, टायर फुटेल." ऐकू नका. हवा कमी असली की टायरची बाजू जास्त दबते, आतून तापते; समृद्धी महामार्गावर सलग वेगात टायर फुटतो तो बहुधा असाच. योग्य आकडा ड्रायव्हरच्या दाराच्या चौकटीवरच्या स्टिकरवर असतो. हवा सकाळी, टायर गार असतानाच तपासा. गाडी चालवून आल्यावर काटा वर दिसणारच, तेव्हा हवा सोडायची नाही. टायरच्या बाजूवर डीओटी (DOT) अक्षरांनी सुरू होणारा कोड असतो, त्याचे शेवटचे चार अंकही वाचा: २३२१ म्हणजे टायर २०२१च्या तेविसाव्या आठवड्यात बनलेला. नक्षी शाबूत, पण बाजूला भेगा? टायर बदला. आणि स्टेपनी, तिच्याकडे तर कोणी बघतच नाही!