"काही लागलं तर सांग" एवढं पुरत नाही
डिप्रेशनमधल्या माणसाला "काही लागलं तर सांग" म्हणून सोडू नका, मागायचीच ताकद त्याच्यात नसते. "संध्याकाळी डबा घेऊन येतोय, बोलायचं नसेल तरी चालेल" असं सांगा आणि खरंच जा. डॉक्टरची अपॉइंटमेंट तुम्हीच घ्या (त्याला विचारून हं), सोबत जा. डॉक्टरने डिप्रेशनवर गोळ्या दिल्या तर त्यांचा फरक जाणवायला साधारण 2 ते 4 आठवडे, कधी जास्तही लागतात आणि मळमळ वगैरे त्रास मात्र आधीच सुरू होऊ शकतो, म्हणून कित्येक जण मधेच गोळ्या सोडतात, तर नेमकं या दिवसांत रोज एक फोन कराच. पुढे बरं वाटलं तरी परस्पर बंद करू नकोस म्हणून सांगा. आणि जीव द्यायचे विचार येतात का हे सरळ विचारा, विचारल्याने ते डोक्यात शिरत नाहीत, बऱ्याचदा माणूस मोकळा होतो. हो म्हणाला तर एकटं सोडू नका, घरातली औषधं, कीटकनाशक त्याच्या हाताला लागणार नाही असं ठेवा, लगेच डॉक्टर गाठा. टेलिमानस या मानसिक आरोग्याच्या सरकारी हेल्पलाइनचा 14416 हा नंबर चोवीस तास चालू असतो, फुकट आहे, मराठीतही बोलतात, आणि काळजीने तुम्हीच थकला असाल तर स्वतःसाठीही लावा.