घरच्या वर्कशॉपसाठी कंप्रेसर घेताय? टाकीचे लिटर बघून पैसे देऊ नका, या चुका टाळा

पहिला कंप्रेसर घेतला तेव्हा दुकानात मी दोनच गोष्टी विचारल्या, किती एचपी आणि किती लिटर. एक एचपी, २४ लिटर, ऑइल फ्री, उचलायला हलका, घेतला आणि आलो. टायरमध्ये हवा मस्त भरली, करवतीचा भुसा मस्त उडाला, आणि मग कपाटाच्या शटरला रंग मारायला घेतला. पहिला हात इतका गुळगुळीत बसला की काय सांगू, आणि अर्ध्या शटरवर आल्यावर गनचा फवारा बारीक व्हायच्या ऐवजी थेंब थेंब पडायला लागले, पूर्ण शटरवर दाणा. चारशे नंबरचा पेपर घेऊन सगळं घासून परत मारावं लागलं, दोन रविवार गेले.

चूक गनची नव्हती, रंगाचीही नव्हती. आडातच नाही तर पोहऱ्यात कुठून येणार.

म्हणजे बघा, टाकी हवा तयार करत नाही, हवा पंप तयार करतो आणि तो मिनिटाला किती हवा देतो ते सीएफएममध्ये, म्हणजे मिनिटाला किती घनफूट असं मोजतात, १ सीएफएम म्हणजे मिनिटाला साधारण २८ लिटर. समजा ५० लिटरची टाकी आहे, आठ किलो प्रेशरला मोटार बंद होते आणि साडेपाचला परत चालू होते. या अडीच किलोच्या फरकात टाकीतून हवा निघते फक्त सव्वाशे लिटर, म्हणजे साडेचार घनफुटाच्या आसपास. आता गन ८ सीएफएम मागतेय आणि पंप देतोय ४, तर ही साठवण जेमतेम एक मिनिट पुरते! टाकी १०० लिटरची घेतली तर दोन मिनिटं. त्यामुळे मोठी टाकी म्हणजे मोठा कंप्रेसर हा हिशोब डोक्यातून काढून टाका.

आणि बॉक्सवर जो सीएफएमचा आकडा असतो ना, तो बऱ्याचदा पिस्टनच्या मापावरून काढलेला असतो, प्रत्यक्ष बाहेर पडणारी हवा छोट्या पिस्टन पंपात त्याच्या साठ-सत्तर टक्केच असते. दुकानात 'एफएडी किती', म्हणजे खरी बाहेर पडणारी हवा किती, असं विचारा. घरी असलेल्या कंप्रेसरचं स्वतः मोजता येतं, टाकीतलं प्रेशर चारच्या खाली आणा, हवा घ्यायचं बंद करा, मोबाईलवर स्टॉपवॉच लावा आणि काटा चारवरून सहावर जायला किती सेकंद लागतात बघा. ५० लिटरच्या टाकीत दोन किलो वाढलं म्हणजे १०० लिटर हवा आली, ४० सेकंदात आली तर मिनिटाला दीडशे लिटर, म्हणजे ५ सीएफएमच्या थोडं वर. मी आता सेकंड हँड मशीन बघायला गेलो तरी हे केल्याशिवाय पैशाचं बोलतच नाही.

मग घ्यायचा कुठला? आधी टूल ठरवा. टायर, धूळ उडवणं, छोटी खिळ्याची गन एवढंच असेल तर एक एचपी भरपूर झाला, उगाच खर्च नको. स्प्रे पेंटिंग करायचं असेल तर गनच्या कागदावरचा सीएफएम बघा आणि खरी हवा त्याच्यापेक्षा थोडी जास्तच देणारा घ्या, किंवा एलव्हीएलपी गन घ्या, ती कमी हवेत चालते. एअर सँडर आणि डाय ग्राइंडर सतत चालवायचे असतील तर घरच्या सिंगल फेज छोट्या कंप्रेसरचं ते कामच नाही, सरळ विजेवर चालणारे सँडर-ग्राइंडर घ्या, खरंच सांगतो.

फ्लॅटमध्ये किंवा चिकटून घरं असतील तर आवाजाचाही विचार करा, साधा ऑइल फ्री दुपारी चालू केला की शेजारचे दार वाजवणारच, थोडे जास्त पैसे टाकून सायलेंट टाइपचा घ्या.

आता सगळ्यात जास्त मोटारी जाळणारी चूक, लांब बारीक एक्स्टेंशन. माझी मोटार एकदा नुसती हुं हुं करून एमसीबी पाडत होती, वाइंडिंगवाल्याकडे नेली तर त्याने जोडून चालू करून दाखवली आणि म्हणाला, "साहेब, मोटार चांगलीय, तुमची वायर बारीक आहे." सुरू होताना मोटार नेहमीच्या पाच-सहा पट करंट ओढते, बारीक वायरमध्ये व्होल्टेज पडतं आणि संध्याकाळी लाइट आधीच कमी असली तर संपलंच. १६ अँपिअरच्या पॉइंटला थेट लावा आणि लांब जायचं असेल तर वायर नाही, हवेचा पाइप लांब घ्या, तोही फार बारीक नको.

वायर ठीक असून पण हुं हुं करत असेल तर बंद होतानाचा आवाज ऐका. मोटार थांबली की दोन-तीन सेकंद 'फुस्स' व्हायला पाहिजे. ते झालंच नाही तर अनलोडर, म्हणजे बंद होताना पंपातली हवा सोडणारा व्हॉल्व्ह, अडकलाय, पंपात प्रेशर राहतं आणि मोटार त्या दाबाविरुद्ध सुरू होऊ शकत नाही. फुस्स थांबतच नसेल तर एनआरव्ही, म्हणजे टाकीतली हवा मागे येऊ न देणारा व्हॉल्व्ह, गळतोय, खोलून साफ करा, पण आधी टाकी पूर्ण रिकामी करून आणि विजेचा प्लग काढून, हे विसरू नका. दोन्ही बरोबर असतील तर कॅपॅसिटर तपासून घ्या.

पाण्याचं तर कोकणातल्या लोकांना सांगायलाच नको. पावसाळ्यात हवेत इतकी वाफ असते की ५० लिटरची टाकी एकदा आठ किलोला भरली की आत जवळपास दोन छोटे चमचे पाणी जमतं, एकदा भरल्यावर एवढं! रंगात फोड येतात ते यामुळे, आणि टाकी आतून गंजते ते वेगळंच, गंजून पातळ झालेली टाकी फुटू शकते. काम झालं की थोडं प्रेशर ठेवून खालचा व्हॉल्व्ह उघडा, आधी तपकिरी पाणी येतं, मग नुसती हवा. वॉटर ट्रॅप कंप्रेसरला चिकटून लावू नका, तिथे हवा गरम असते, पाणी वाफच राहतं, गनच्या बाजूला लावा.

ऑइलवाला घेतला असेल तर चालू करायच्या आधी पंपावरची प्लास्टिकची बंद टोपी काढून सोबत दिलेली ब्रीदर टोपी लावा आणि काचेतल्या लाल ठिपक्यापर्यंत कंप्रेसर ऑइल भरा, गाडीचं नाही.