रेग्युलेटरी रिलेशन्सच्या डेस्कवर रुजू होताना

बँकेच्या वतीने रिझर्व्ह बँकेशी होणारा व्यवहार सांभाळणारा हा डेस्क. रिझर्व्ह बँकेत ओळखी ठेवायच्या, गोड बोलायचं की झालं, असा त्याच्याबद्दल बाहेर समज आहे. खरं तर वेळ जातो तो आपल्याच बँकेतल्या लोकांकडून उत्तर काढण्यात. कर्ज विभाग, ऑपरेशन्स, आयटी, शाखा, सगळ्यांना आपलं काम आधी असतं. आणि रिझर्व्ह बँकेला एकदा लेखी कळवलं की पुढच्या इन्स्पेक्शनला, म्हणजे तिच्या तपासणीला, तेच पत्र समोर ठेवून विचारणा होते.

आधी एक शिस्त अंगवळणी पाडा. रिझर्व्ह बँकेच्या 11 सप्टेंबर 2020 च्या परिपत्रकाने चीफ कंप्लायन्स ऑफिसर (बँकेत नियमपालन बघणारा मुख्य अधिकारी) हा नियामकाशी, म्हणजे रिझर्व्ह बँकेशी, संपर्काचा मुख्य दुवा ठरवला आणि इन्स्पेक्शन रिपोर्टची उत्तरं कंप्लायन्स विभागामार्फतच जातील असं सांगितलं. त्यामुळे एखाद्या बिझनेस हेडने 'मी परस्पर मेल टाकतो' म्हटलं तर नम्रपणे अडवायचं. एकाच प्रश्नाला बँकेतून दोन उत्तरं गेली की निस्तरायला महिना जातो.

रोजचा वावर तीन पोर्टलवर असतो. इन्स्पेक्शनची निरीक्षणं (तपासणीत दाखवलेल्या त्रुटी) आणि त्यांची पूर्तता 'दक्ष'वर, रिटर्न (रिझर्व्ह बँकेला नियमित द्यायची आकडेवारी) 'सीआयएमएस'वर, रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे गेलेल्या ग्राहकांच्या तक्रारी 'सीएमएस'वर. लॉगिन शिकायला दोन दिवस पुरतात. निरीक्षणाला उत्तर लिहायला शिकणं मात्र लांबचं काम आहे.

एक उदाहरण घेऊ. गृहकर्ज पूर्ण फिटल्यावर 30 दिवसांत मालमत्तेची मूळ कागदपत्रं परत द्यायची आणि बोजा उतरवायचा. बँकेमुळे उशीर झाला तर दिवसाला 5,000 रुपये भरपाई. 13 सप्टेंबर 2023 ला आलेला हा नियम 1 डिसेंबर 2023 पासून लागू झाला. समजा, कोथरूड शाखेतल्या एका खात्याची कागदपत्रं 47 व्या दिवशी दिली असं निरीक्षण आलं. भरपाई 17 दिवसांची, म्हणजे 85,000 रुपये. शाखेकडून येणारा मसुदा ठरलेला असतो: 'ग्राहक उशिरा आला. शाखांना सूचना दिल्या आहेत.' हे तसंच पुढे पाठवलं तर परत येणार, हे गृहीत धरा.

आधी तारखा मांडा: कर्ज कधी फिटलं, कागद ते जपून ठेवलेल्या कोठारातून कधी मागवले, शाखेत कधी पोचले, ग्राहकाला कधी कळवलं. बहुतेक वेळा गोम इथे सापडते: ग्राहकाचा अर्ज आल्यावरच शाखा कागद मागवते, आणि घड्याळ तर कर्ज फिटल्याच्या दिवसापासून चालू असतं. हे मूळ कारण. मग उत्तरात चार गोष्टी हव्यात: त्या ग्राहकाला भरपाई जमा केल्याची नोंद, तशीच आणखी किती खाती होती याची छाननी, कर्ज बंद होताच कोठाराला आपोआप मागणी जाईल असा सिस्टिममधला बदल, आणि बदलानंतरच्या खात्यांचा नमुना तपासल्याचा पुरावा. तारीख नसलेला स्क्रीनशॉट म्हणजे पुरावा नव्हे.

सिस्टिम बदलाची तारीख आयटीकडून लेखी घ्या. ते 'महिन्याअखेर' म्हणाले तर टेस्टिंग धरलं आहे का, हे विचारा. मुदतवाढ मागावी लागलीच तर मुदत संपायच्या आत, झालेल्या कामाच्या तपशिलासह मागा. मुदत उलटल्यावर केलेला अर्ज वाईट दिसतो, आणि तो दिसावाही.

इन्स्पेक्शनच्या डेटा मागणीत आकड्यांचा मेळ हा वेगळाच छळ आहे. तक्रारींची संख्या वार्षिक अहवालात एक, रिटर्नमध्ये दुसरी आणि कॉल सेंटरच्या अहवालात तिसरी निघते, कारण कुणीतरी तक्रारीला 'विनंती' म्हणून नोंदवलेलं असतं. फाइल पाठवण्यापूर्वी जुळवणी करा. रिकामा रकाना ठेवू नका. शून्य असेल तर शून्य लिहा, लागू नसेल तर तसं लिहा.

लोकपालाचं प्रकरण आलं की तारीख आधी बघा. 2021 च्या लोकपाल योजनेनुसार बँकेने 15 दिवसांत उत्तर द्यायचं होतं, आणि उत्तरच न दिल्यामुळे निवाडा विरुद्ध गेला तर बँकेला अपीलही नव्हतं. योजना बदलत राहते, म्हणून चालू मजकूर वाचूनच मुदत धरा. परिपत्रकांचंही तेच. नोव्हेंबर 2025 मध्ये रिझर्व्ह बँकेने हजारो जुनी परिपत्रकं रद्द करून 244 मास्टर डायरेक्शन (एकत्रित निर्देश) काढली. जुन्या मसुद्यातून परिपत्रक क्रमांक उचलून पत्रात घालणं ही आता सगळ्यात लाजिरवाणी चूक ठरेल.

पुण्यात राहून हे काम करायचं तर बँक ऑफ महाराष्ट्र आणि कॉसमॉस यांची मुख्य कार्यालयं इथेच आहेत. मोठ्या खासगी बँकांचा कंप्लायन्स विभाग मात्र बहुधा मुंबईत असतो. तिथल्या बैठकीला जायचं तर सकाळी अकराच्या वेळेसाठी डेक्कन क्वीनवर भिस्त ठेवू नका, आदल्या रात्री पोचा.

शिक्षण कॉमर्स, कायदा, सीए, सीएस काहीही चालतं. शाखेत किंवा ऑपरेशन्समध्ये दोन वर्षं काढलेला उमेदवार सहसा सरस ठरतो. कागद कुठे अडतो हे त्याला ठाऊक असतं. मुलाखतीला जाताना रिझर्व्ह बँकेच्या संकेतस्थळावरची दंडाची पाच-सहा प्रसिद्धिपत्रकं वाचून जा. त्यांत कोणत्या निर्देशांचं उल्लंघन झालं ते दिलेलं असतं. त्यातलं एक निवडून, ते तुमच्या बँकेत घडू नये म्हणून कुठल्या विभागाला काय विचाराल, हे सांगता आलं पाहिजे.